एकशे तिसावी प्रत

१

ऑफिसात त्याला सगळे झाडू म्हणायचे, आणि तेही तोंडावर. अकरा वर्षं तो एकच काम करत आला होता. कंपनीचा एडिटर, म्हणजे लोक ज्यात टिपणं आणि अहवाल लिहितात तो, मशीनची मेमरी खाऊन बसला की कुठे खातोय ते शोधायचं आणि झाडून काढायचं. नवीन सोयी करणाऱ्यांचे सत्कार व्हायचे, पेढे त्यांनी खायचे आणि त्यांनी केलेला उकिरडा ह्याने उपसायचा. ह्यामुळे त्याच्या स्वभावाचं पार लोणचं झालं होतं, आणि तशी तक्रार बायको रोज करायची.

त्या दिवशी सकाळी आलेली तक्रारही तशीच आंबट होती. घरांची पाहणी करून अहवाल लिहिणारी कोणी बाई होती. तिने लिहिलं होतं : "तुमच्या एडिटरमध्ये मी एकच फोटो उघडते आणि मिटते. दर वेळी मेमरी वाढते. आज पाच गीगाबाइट झाली. एका फोटोला! तुम्ही लोक पगार घेऊन झोपा काढता का?"

ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी ती तक्रार त्याच्या टेबलावर आपटली. "संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय मला. आणि 'आमच्याकडे होत नाही' हे उत्तर नको."

"बघतो."

"बघू नकोस. शोध."

हे दुपारी बारा वाजता घडलं. मी वेळ सांगतोय, कारण पुढे जे झालं ते भर दिवसा, माणसांनी भरलेल्या ऑफिसात झालं. अंधाराचं निमित्त त्यात कुणाला सांगता येणार नाही.

२

चाचणीची खोली मजल्याच्या टोकाला होती. खिडकी नाही, सहा मशीनं, त्यांच्या पंख्यांची अखंड घरघर, आणि त्या घरघरीत दिवसभर बसून असलेली टाचणी. ती चाचण्या घ्यायची. दुसऱ्याच्या कामात टोचेल असं काहीतरी काढल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही, म्हणून टाचणी.

"आलास? आता काय सांडलं?"

"फोटो. उघडून मिटला तरी मेमरी सुटत नाही म्हणे."

चाचणीसाठी ठेवलेले नेहमीचे फोटो त्याने घेतले : एक फूल, एक डोंगर, रंगीत पट्ट्या. प्रत्येक वीस वेळा उघडला, वीस वेळा मिटला. मेमरी एकदा वाढली आणि तिथेच राहिली. ते बरोबरच होतं. एकदा उघडलेल्या फोटोची एक प्रत एडिटर जवळ ठेवून देतो. तोच फोटो पुन्हा आला तर ठिपक्याला ठिपका लावून बघतो, आणि सारखा असला तर जुनीच प्रत पुढे करतो. वेगळा असला तरच नवी प्रत. हा हिशेब झाडूने स्वतः लिहिलेला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

त्याने बाईला कळवलं की आमच्याकडे होत नाही, तुमचा फोटो पाठवा. मॅडमनी नको म्हटलेलं उत्तर पहिल्या तासातच दिलं.

बाईचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "माझा फोटो पाठवणार नाही. ज्यात तुमचं माणूस आहे असा फोटो घ्या. फुलं कसली बघता?"

"खडूस आहे," टाचणी म्हणाली.

"तुझी मोठी बहीण दिसते," झाडू म्हणाला आणि खिशातून फोन काढला.

मुलीचा फोटो वरच सापडला. ठकी, वय वर्षं दहा, अभ्यासाच्या टेबलाशी. महिन्यापूर्वी त्याने तो डॉक्टरांना दाखवायला काढला होता, कारण पोरगी पाठीला कुबड काढून बसायची आणि कितीदा ओरडलं तरी सरळ होत नव्हती. फोटोत ती एका बाजूने दिसत होती, वहीवर ओणवलेली, पाठीची पार कमान झालेली. तिच्या मागे खोलीचं बंद दार. एवढंच. त्याने तो मशीनवर घेतला, उघडला, मिटला.

अठ्ठेचाळीस मेगाबाइट. ठीक.

पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. शहाण्णव.

"अगं, सापडलं!" तो जवळजवळ ओरडला. बिचाऱ्याला आनंद झाला होता.

३

अशी गोष्ट हाताने शंभरदा करत बसायचं नसतं. झाडूने चार ओळी लिहून मशीनलाच कामाला लावलं : दर अर्ध्या मिनिटाला हा फोटो उघड, मीट, आणि किती प्रती झाल्या तो आकडा दाखव. फोटो पडद्यावर दाखवायची गरज नव्हती. असल्या कामात फोटो कुणी बघत नाही, आकडा बघतात. पोटात अन्न नाही हे लक्षात आल्यावर तो खाली जाऊन काहीबाही खाऊन आला. परत आला तेव्हा आकडा सत्तरवर होता आणि टाचणीच्या कपाळाला आठ्या होत्या.

"गळती नाहीये ही," ती म्हणाली.

"मग काय आहे?"

"सत्तर प्रती आहेत आणि सत्तरही वेगळ्या आहेत. एडिटर बरोबर वागतोय. तुझाच हिशेब आहे ना? वेगळा फोटो आला की नवी प्रत."

"वेगळा कसा असेल? फाइल एकच आहे."

"मला नको विचारूस. तूच बघ."

तिने दोन-दोन प्रतींची तुलना काढून ठेवली होती. जिथे ठिपके सारखे तिथे काळं, जिथे फरक तिथे पांढरं. पहिली आणि दुसरी प्रत : सगळं काळंभोर, फक्त उजवीकडे वरपासून खालपर्यंत एक पांढरा धागा. पहिली आणि चाळिसावी : तोच धागा आता दोन बोटं रुंद. पहिली आणि सत्तरावी : रुंद पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला चार छोटे, एकाखाली एक, पांढरे तुकडे.

"फोटो उलगडताना आकडेमोड थोडी इकडेतिकडे होते," झाडू म्हणाला.

"झाली तर सगळीकडे होईल. धुळीसारखी पसरेल. अशी ओळ धरून नाही व्हायची."

ती बरोबर बोलत होती, म्हणून त्याला तिचा राग आला. तेवढ्यात मॅडमनी बोलावलं.

"चालू ठेव," तो उठता उठता म्हणाला. "मेमरी भरेपर्यंत चालू दे."

"भरेपर्यंत?"

"भरेपर्यंत म्हटलं ना!"

हे वाक्य तो त्या आधी हजारदा बोलला असेल. कुठल्याही चाचणीच्या खोलीत रोज बोललं जातं ते.

४

मॅडमनी बारा मिनिटं त्याची हजेरी घेतली. तो परत आला तेव्हा आकडा चौऱ्याण्णव होता. पांढरा पट्टा त्याच्या डोक्यातून जात नव्हता, कारण फोटोतल्या कुठल्या जागी तो पट्टा येतो हे मॅडमसमोर उभं असतानाच त्याच्या लक्षात आलं होतं. ती दाराची कड होती.

त्याने फोटो हाताने उघडला. दुपारपासून पहिल्यांदा नीट बघितला.

ठकी तशीच बसली होती. तिच्या मागचं दार उघडं होतं.

सताड नाही. एक माणूस तिरका होऊन येईल इतकं. आणि दाराच्या कडेला, पार वर, चौकटीच्या खाली वीतभर अंतरावर, कुणीतरी पलीकडून चार बोटांनी दार धरलं होतं. बोटांमागे हात नव्हता. म्हणजे असणार, पण तो दाराच्या पलीकडे होता आणि पलीकडे काही दिसत नव्हतं. झाडू स्वतः चांगला उंच होता. हात वर करून टाचा उचलल्या असत्या तर त्याची बोटं कशीबशी तिथे पोचली असती. हा धरणारा मात्र सहज धरून उभा होता, आपण दाराची कड खांद्यापाशी धरतो तसा.

आकडा पंच्याण्णव झाला.

त्याने घाईघाईने फोन काढून तोच फोटो फोनवर बघितला. दार बंद. मशीनवरची फाइल तपासली. एक ठिपका बदललेला नव्हता, तारीख महिन्यापूर्वीचीच. फाइलमध्ये दार बंद होतं आणि एडिटरमध्ये उघडं. अकरा वर्षांच्या अनुभवाने त्याने कारणं शोधायला घेतली : दुसराच फोटो मिसळला असेल, कुणीतरी चेष्टा केली असेल, डोळे थकले असतील. मनात पाल चुकचुकत होती ती वेगळंच सांगत होती.

"ए टाचणी, हे बघ."

"मी नाही बघत," ती मान वर न करता म्हणाली. "मी आकडे बघते. सहा वर्षांत मी एक फोटो बघितलेला नाही."

तो आपल्या टेबलाकडे गेला. जाताना त्याच्या मनात एकच विचार होता, त्या बाईला विचारायचं. त्याच नादात मागे चालू राहिलेलं मशीन तो साफ विसरला.

५

"तुमच्या फोटोत दार आहे का?" त्याने लिहिलं.

उत्तर यायला ह्या वेळी दहा मिनिटं लागली. तो खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. आजूबाजूला लोक हसत होते, कुणीतरी कुणाचा पाय खेचत होतं, छपाईचं मशीन कागद ओकत होतं. त्याला त्या सगळ्यांचा संताप आला.

"खिडकी," बाईने लिहिलं होतं. "किती वेळा उघडलात?"

"पंच्याण्णव. हे काय आहे?"

"मला माहीत नाही. एवढंच कळलं की फोटो उघडला की ते पुढे सरकतं. नाही उघडला तर सरकत नाही. पण न उघडता राहवत नाही, कारण ते कुठवर आलंय हे दुसरीकडे कुठेच दिसत नाही."

"मग तक्रार मेमरीची का केलीत?"

"खिडकीची केली असती तर तुम्ही वाचली असती?"

थोड्या वेळाने तिचा आणखी एक निरोप आला. तो शेवटचा.

"माझ्याकडची मेमरी वाढायची थांबली. एकशे चाळिसावी प्रत शेवटची. आता कितीही वेळा उघडलं तरी फोटो सारखाच येतो, खुर्ची रिकामी. ती माझ्या आईची खुर्ची होती. तेव्हापासून आई घरात नाही. दारं आतून बंद होती. तक्रार बंद करा."

झाडूने तो निरोप दोनदा वाचला. मग त्याला चाचणीच्या खोलीतली घरघर आठवली आणि तो धावत सुटला.

६

"बंद कर! बंद कर ते!"

टाचणी दचकून मागे सरकली. त्याने तिच्या अंगावरून झेप घेऊन चाचणी थांबवली. आकडा एकशे सत्तावीस.

"अरे, वेड लागलंय का? तूच म्हणालास ना, भरेपर्यंत?"

तो दाराशी गेला आणि घरी फोन लावला. ठकीला परीक्षेची सुट्टी होती, म्हणून बायको घरी थांबली होती.

"काय रे? आत्ता कशाला?"

"ठकी कुठे आहे?"

"कुठे असणार? खोलीत. उद्या गणिताचा पेपर आहे तिचा, बापाला पत्ता नाही."

"तिला खोलीतून बाहेर काढ."

"का?"

"काढ म्हणतो ना!"

"माझ्यावर आवाज चढवू नकोस. आधीच डोकं फिरलंय माझं. मघापासून दहादा सांगितलं तिला, दार लावून बस, टीव्हीचा आवाज येतो. दर वेळी बघते तर दार उघडं. वर तोंड करून सांगते, आई, मी नाही उघडलं."

"ऐक. उचल तिला आणि घराबाहेर पड. आत्ता."

"तुझं ऑफिसमधलं भांडण माझ्यावर काढू नकोस. रोजचं झालंय तुझं हे," बायको म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्याने पुन्हा लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. भांडण झालं की ती फोन दुसऱ्या खोलीत टाकून द्यायची, हे त्याला लग्नापासून माहीत होतं. शेजारी कुणाचा नंबर त्याच्याकडे नव्हता, कारण शेजाऱ्यांशी त्याचं पटत नव्हतं. घर तासाभराच्या अंतरावर होतं.

त्या तासाभरात काय होत असेल? चाचणी थांबलीय, म्हणजे ते सरकणार नाही. पण थांबली तेव्हा ते कुठे होतं? दाराशी होतं की आत आलं होतं? एकदा बघितल्याशिवाय निघणं त्याला शक्यच नव्हतं. आईची शपथ घालून अडवलं असतं तरी तो थांबला नसता. त्याने फोटो उघडला.

दार सताड उघडं होतं आणि दारात कोणी नव्हतं. खुर्चीच्या मागे होतं. फोटोच्या वरच्या कडेपर्यंत नुसता उभा काळा भाग, आणि छताला लागून खाली वाकलेलं काहीतरी, जे त्याने बघितलं नाही. नजर तिथे जायच्या आत त्याने ती खाली ओढली. ठकी खुर्चीतच होती. पाठ सरळ करून बसली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी, अगदी ताठ, आणि तिची मान कुणीतरी दोन्ही बाजूंनी हळूच धरल्यासारखी वर होती.

त्याने फोटो मिटला. एकशे अठ्ठावीस.

७

आता निघायचं, धावत खाली जायचं, गाडी पकडायची. तो जिन्यापर्यंत गेलासुद्धा. जिन्यात उभं राहून त्याने अकरा वेळा घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली.

आणि तिथे त्याच्या डोक्याने त्याचा घात केला. डोकं हिशेबी होतं ना! फोटो बघायचाच नाही. फक्त आकडा बघायचा. आकडा वाढला म्हणजे फोटो अजून बदलतोय, बदलतोय म्हणजे खुर्ची अजून भरलेली आहे, म्हणजे ठकी आहे. त्या बाईच्या एकशे चाळीस झाल्या होत्या. आपल्या एकशे अठ्ठावीस. एकदा बघितल्याने काय बिघडणार? एक पाऊल. आणि पुढचा तासभर जीव टांगणीला लावून गाडीत बसायचं नाही.

तो परत आला. टाचणीने तोंड वाकडं केलं. त्याने एक कोरा कागद घेऊन पडद्यावर धरला, फोटोची जागा झाकेल असा, आणि कोपऱ्यातला आकडा तेवढा उघडा ठेवला. अकरा वर्षं हा माणूस आकडा वाढू नये म्हणून जिवाचं रान करत आला होता. आज तो ओठ आवळून म्हणत होता, वाढ, वाढ, वाढ.

उघडला. मिटला. एकशे एकोणतीस.

"आहे," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आहे, आहे ती."

"कोण?" टाचणीने विचारलं.

निघायला म्हणून तो अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. आहे, पण ही झाली अर्ध्या मिनिटापूर्वीची गोष्ट. आत्ता? आणि आपण उघडला म्हणून ते एक पाऊल सरकलं, त्या पावलाने काय झालं? हे कळल्याशिवाय कसं निघायचं? एकशे चाळीसला अजून अकरा बाकी होते. त्याने घरी पुन्हा फोन लावून कानाशी धरला, आणि घंटा वाजत असतानाच दुसऱ्या हाताने फोटो उघडला. मिटला.

एकशे तीस.

"आहे," तो पुन्हा म्हणाला. पण ह्या वेळी आनंद झाला नाही. घंटा वाजायची थांबली होती. पलीकडे फोन उचलला गेला होता आणि कुणी बोलत नव्हतं.

"हॅलो? अगं, बोल ना! ठकीला दे."

दूरवर, घरातल्या दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत, बायको मुलीला हाका मारत होती. एकदा रागाने मारली. मग नुसतीच. मग दारं उघडल्याचे, कपाट उघडल्याचे आवाज आले, आणि तिची हाक वेगळीच ऐकू यायला लागली.

झाडूने फोटो उघडला आणि मिटला. आकडा एकशे तीस. त्याने पुन्हा उघडला. एकशे तीस. कागद खाली घसरत होता आणि तो दुसऱ्या हाताच्या कोपराने तो पडद्यावर दाबून धरत होता, कारण एकशे तिसाव्या वेळी फोटोत काय बदललं होतं हे आता त्याला न बघताच कळलं होतं. पुन्हा उघडला. एकशे तीस. एकशे तीस. एकशे तीस.

टाचणी खुर्ची ओढत जवळ आली आणि त्याच्या खांद्यावरून आकड्याकडे बघायला लागली.

"अरे वा," ती म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदाच तिच्या आवाजात कौतुक होतं. "थांबली की वाढायची! काय केलंस?"